मतदान घेतोयस? आधी हे बघ भाऊ

भाऊ, ओपन सोर्स प्रोजेक्टात (जिथं कोड खुला असतो अन् बरेच जण मिळून सॉफ्टवेअर बनवतात) आल्या आल्या मतदान नको घेऊ, आधी चर्चा होऊ दे, बरंचसं तिथंच मिटतं. सुरुवातीला इतकंच सांभाळ:

१) प्रोजेक्टचे नियम वाच. अपाचीत (ही मोठी ओपन सोर्स संस्था) +१ (होकार), ० (तटस्थ), -१ (नकार) अशी मतं देतात अन् कोडच्या बदलाला एका कमिटरचं (थेट कोड बदलायचा हक्क असलेल्याचं) -१ पडलं तरी तो अडतो, पण तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नुसतं "मला नाही पटत" चालत नाही. रिलीजला (नवी आवृत्ती काढायला) असा एकट्याचा अडवणारा नकार, म्हणजे व्हेटो, नसतो, तिथं निदान तीन +१ लागतात.

२) घाई नको, ७२ तास तरी दे. आपण नागपुरात रात्री जेवून लॅपटॉप उघडतो तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. मी एकदा शनिवारी संध्याकाळी मतदान टाकून रविवारी निकाल लावला, ज्यानं ते मॉड्यूल लिहिलं तोच सुटीवर होता, सोमवारी सगळं परत उघडावं लागलं, फार वाईट वाटलं त्याच्यासाठी.

आणि प्रश्न नीट लिही, "डेटाबेस बदलायचा का" एवढंच नको, जुन्या युजरचा डेटा कसा हलवणार तेही सांग. काठावरचा निकाल लागला तर वाद संपत नाही बाप्पा, डेबियनच्या (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टम) तांत्रिक समितीत २०१४ मध्ये सिस्टमडीवर (मशीन सुरू होताना बाकी सेवा चालू करणारा प्रोग्राम) मतं अर्धी अर्धी पडली, अध्यक्षांच्या मतानं निर्णय झाला अन् भांडण पुढं चालूच राहिलं.

मसुदा लिहिला की पाठव, मी वाचून देतो.