पान ६१

सातारा,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या रहस्यकादंबरीवरचे एकेक अभिप्राय वाचून दाखवत होतीस आणि मी मुद्दामच मध्ये बोलले नाही. एकाने एका बैठकीत संपवली, दुसरा पन्नास पानांत कंटाळला. कुणाला खुनी शेवटपर्यंत कळला नाही, कुणी मध्यावरच ओळखला. कुणाला रक्त फार झालं, तर कुणाला भीतीच वाटली नाही. "काकू, यातलं खरं कुणाचं मानू?" असं विचारताना तुझा आवाज बसला होता. पहिलं पुस्तक, तेही नोकरी सांभाळून तीन वर्षं रात्री जागून लिहिलेलं. लागणारच गं. फोनवर काही बोलले असते तर नुसती समजूत काढल्यासारखं झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

मी चौतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर काढली. रहस्यकथांचं कपाट माझ्या पाठीशीच होतं. पुस्तक परत करताना माणूस काहीतरी बोलतोच. "बरंय", "ठीक आहे", "नाही जमलं हो". सुरुवातीची काही वर्षं मी ते बोलणं खरं धरून चालायची. पुढे फाटकी पुस्तकं शिवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कळलं की पुस्तकाची कड जास्त खरं सांगते. मिटलेलं पुस्तक आडवं धरून बघ. लोकांनी जिथवर वाचलंय तिथवर पानांच्या कडा मळतात आणि पुढे एकदम कोऱ्या लागतात. पंधरा-वीस हातांखालून गेलेल्या पुस्तकात ती रेघ लांबूनही दिसते. वाचक थांबण्याचं कारण चुकीचं सांगू शकतो, पण तो थांबला ती जागा खरीच असते.

म्हणून गेल्या आठवड्यात वाचनालयात जाऊन तुझ्या कादंबरीची प्रत काढून घेतली. पान ६१ मध्ये एसटीचं तिकीट आहे. ६४ चा कोपरा दुमडलेला आहे, आणि कडेचा मळही तिथूनच कमी होत जातो. आता तुला आलेले अभिप्राय पुन्हा आठव. "सुरुवात संथ आहे", "भाषा जड वाटली", "उगाच भयानक केलंय". या तीन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मला त्या एकाच जागेबद्दलच्या वाटतात. ५८ ते ६७ ही पानं म्हणजे तिरक्या अक्षरांतलं खुन्याचं मनोगत. दारुडा बाप, अंधारी खोली, मान मुरगळलेलं कबुतर. अगं, ही खोली मी इतक्या पुस्तकांतून पाहिली आहे की आता डोळे मिटून तिथे वावरू शकेन. शिवाय तू त्या वेळी दुसऱ्या खुनाच्या रात्रीत आम्हाला अर्ध्यावर सोडून गेलेली असतेस. तिथून उठवून त्याच्या बालपणात नेलंस, म्हणून लोक पुस्तकातूनच उठले. ती दहा पानं पूर्ण काढलीस तरी कादंबरीचं काही बिघडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस क्रूर का झाला याचा खुलासा आम्हाला लगेच नको असतो. आधी तो पुढे काय करणार याची धास्ती हवी असते.

खुनी आधीच ओळखल्याचं म्हणशील, तर त्याचं फार मनावर घेऊ नकोस. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने 'खुनी डॉक्टर आहे' असं लिहून ठेवणारे वाचक मी पाहिलेत. ते खोडता खोडता माझी रबरं संपली. पण त्या पुस्तकांचं वाचन काही थांबलं नाही. नाव कळलं तरी लोक वाचायचे, कारण तो सापडतो कसा हे त्यांना पाहायचं असायचं. तरीही तुझा खुनी का ओळखू आला, ते सांगते. पान ११२ वर तो ग्रंथपाल इन्स्पेक्टरच्या घरी छत्री परत करायला येतो. दिवस एप्रिलचे. छत्री नेली कधी, कशाला, हे कुठेच नाही. ज्याला कथेत काहीच काम नाही असा माणूस वारंवार दारात दिसला की वाचकाला वास लागतो. त्याला एखादं खरं काम दे. वाचनालयाची थकलेली वर्गणी मागायला येऊ दे, इन्स्पेक्टरच्या मुलीला हवं असलेलं पुस्तक घेऊन येऊ दे. कामात असलेल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही.

डॉक्टर वाचकाचं आणि त्या कराडच्या वकीलबाईंचं म्हणणं मात्र वाद न घालता मान्य कर. तुझ्या शवविच्छेदनात मृत्यूची वेळ 'रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटे' अशी दिली आहे. असं कुणी सांगू शकत नाही. प्रेत ताठरतं कधी आणि सैल पडतं कधी, हे हवेवर, अंगावरच्या कपड्यांवर, माणसाच्या प्रकृतीवर ठरतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन्ही लवकर होतं. डॉक्टर अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान एवढंच म्हणतो. ते 'दरम्यान' तुझ्या फायद्याचं आहे, कारण त्या तीन-चार तासांत तुझी सगळी संशयित पात्रं कुठे होती हा प्रश्न उभा राहतो. मिनिटाचा आकडा दिलास तिथे तो मिटला.

वकीलबाईंचा आक्षेप तर तुझ्या शेवटाच्या मुळाशी जातो. खुनी चौकीत बसून इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो आणि तू पडदा पाडतेस. पण पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते २५ वं कलम होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात २३ व्या कलमात तेच आहे. मात्र कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला कबुलीचा तेवढा भाग चालतो. म्हणजे तुझ्या इन्स्पेक्टरला हवा आहे तो पंचांसमोर केलेला पंचनामा, आणि विहिरीच्या कठड्यामागून निघालेली ती मेलेल्या नर्सची किल्ली. पंच कोण? चहाच्या टपरीवरून बोलावून आणलेली दोन साधी माणसं. बघ, तुझ्या चौकीतल्या लांबलचक भाषणापेक्षा हा शेवट किती चांगला होतो! त्या बाईंना आभाराचं पत्र पाठव. त्यांनी तुला फुकट एक प्रकरण दिलंय.

आता रक्ताचं. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

१९७६ साली मी कॉलेजसाठी पुण्यात मामाकडे राहत होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्या शहरात दहा खून झाले. आधी एक तरुण, मग जोशींच्या घरातले तिघे, १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण, आणि शेवटी आणखी एक तरुण. मारणारे कला महाविद्यालयाचे विद्यार्थी निघाले. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पण हे सगळं नंतर कळलं. त्या हिवाळ्यात आम्हाला कळत होती ती फक्त मामीची दुसरी कडी. मामाने सुतार बोलावून दाराला वरच्या अंगाला ती बसवून घेतली होती. ती इतकी वर होती की मामीला स्टुलावर चढून लावावी लागे. दिवेलागणीनंतर गल्लीत चिटपाखरू नसायचं. रात्री स्टूल सरकल्याचा आवाज आला की मला कळायचं, आता मामी कडी लावतेय. मला आजही भीती म्हटलं की स्टुलाचा तो आवाज आठवतो. रक्त मी पाहिलंच नव्हतं.

'रक्त फार' म्हणणारे आणि 'भीती वाटली नाही' म्हणणारे तुला परस्परविरोधी वाटतात. मला तसं वाटत नाही. पान ९ वर तुझी नर्स मरते. तिच्या साडीचा रंग आम्हाला कळतो, वार किती ते कळतं, रक्त फरशीवर कसं पसरलं ते अर्धं पान कळतं. ती कोण होती ते मात्र कळत नाही. अनोळखी माणसाच्या रक्ताने शिसारी येते आणि भीती तेवढी राहून जाते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात बरीच वर्षं आहे. मुंबईत १९६८ साली रामन राघव पकडला गेला. उपनगरांतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना त्याने मारलं होतं. जबाब देण्याआधी त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, ही हकीकत घरोघरी माहीत आहे. त्याने मारलेल्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला सांगता येईल? पुण्याचा खटला निदान 'जोशी-अभ्यंकर' म्हणून ओळखला जातो, म्हणजे मेलेल्यांच्या नावाने. पण त्या बंगल्यात मेलेल्या पाचांत घरकाम करणारी बाईही होती. खटल्याच्या नावात ती नाही. तिच्या घरी त्या रात्री कोण वाट बघत होतं, हा विचार मी एकोणीस वर्षांची असताना केला नव्हता. नंतर मात्र तो सुटला नाही.

तू रक्तपात लिहू नकोस असं मी म्हणत नाही. बाईमाणसाने असलं काही लिहू नये असं ज्यांनी कळवलं, त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नकोस. त्यांनी तुझं पुस्तक वाचलेलं नाही, फक्त मुखपृष्ठावरचं नाव वाचलंय. इयान बँक्स या स्कॉटिश लेखकाची पहिली कादंबरी 'द वास्प फॅक्टरी' १९८४ साली आली. तिचा निवेदक सोळा वर्षांचा आणि तीन मुलांना मारून बसलेला. काही समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली, काहींना तिची किळस आली. कागदी बांधणीची आवृत्ती काढताना प्रकाशकांनी स्तुतीच्या शेजारी निंदाही छापली. मला त्याचं फार कौतुक वाटतं. दोन्हीकडून इतकं ठामपणे बोललं जातं, ते पुस्तक कुठेतरी टोचलेलं असतं.

मात्र स्तुतीही तपासून घे. 'एका बैठकीत वाचली' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला विचार, दुसऱ्या खुनात कोण मेलं? मी आपल्या वाचनालयातल्या तिघांना विचारलं. इन्स्पेक्टरच्या बायकोचं नाव तिघांनाही आठवलं, मेलेल्या मुलाचं एकालाही नाही. इन्स्पेक्टरचं घर तू फार सुंदर लिहिलंयस, म्हणून ते लक्षात राहिलं. तो मुलगा यादीतला क्रमांक दोन होता. म्हणजे हात तुझ्याकडे आहे, तो मेलेल्यांपर्यंत पोचला नाही इतकंच.

कुणालाही उलट उत्तर लिहू नकोस. 'तुम्हाला ते समजलंच नाही' हे वाक्य लेखकाने वाचकाला कधीच म्हणू नये, मनातसुद्धा. वही घे, डाव्या बाजूला पान क्रमांक आणि उजवीकडे कोण तिथे अडलं एवढंच लिही. कारणं लिहू नकोस. महिनाभराने बघ, कुठल्या क्रमांकावर जास्त नावं जमतात.

शेवटी एक अभिप्राय, जो तुझ्यापर्यंत पोचलेला नाही. आपल्याकडे एक निवृत्त पोस्टमन येतात, आठवड्याला दोन पुस्तकं नेतात. तुझं पुस्तक परत करताना ते म्हणाले, "त्या नर्सचा डबा पोलिसांना पिशवीत मिळाला म्हणे. भरलेला होता की रिकामा?" मी म्हटलं, पुस्तकात नाही. ते म्हणाले, "तेच म्हणतो." आणि दुसरं पुस्तक घेऊन गेले.

मी त्यांना सांगितलंय, विचारून सांगते. तेव्हा डब्यात काय होतं, कुणी भरून दिला होता आणि रात्रपाळीत तिला जेवायला वेळ मिळाला होता का, ते मला लिहून पाठव. अर्धं पान पुरे.

तुझी,
वाचनालयातली काकू