मिरामारवरून दिसलेला हिरवा गोळा समुद्रात पडला का?

तुम्ही म्हणता की पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरून शुक्राहून प्रखर, हिरवट गोळा समोरच्या आग्वाद किल्ल्याच्या वरून डावीकडे सरकला आणि ३ सेकंदांत तुकडे होऊन 'समोरच पाण्यात' पडला. समोर नक्कीच नाही. उल्का साधारण १०० किमी उंचीवर पेटते. क्षितिजापासून १५ अंशांवर आणि ८० किमी उंचीवर विझली असेल, तर ती तुमच्यापासून ३०० किमीच्या आसपास होती. झगझगीत उजेडाचं अंतर डोळ्याला कळत नाही, म्हणून माडामागे दिसलेलं माडामागेच पडलं असं वाटतं.

उपग्रहाचा किंवा रॉकेटचा तुकडाही नसावा. तो सेकंदाला ८ किमीहून कमी वेगाने येतो, त्यामुळे तुकड्यांची रांग संथपणे आकाशभर जाताना दिसते, कधी मिनिटभरही. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रात दिसला तो तसा प्रकार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी सापडली होती.

आता इतरांच्या पोस्ट वाचायच्या आधी एक काम करा. आज रात्रीच त्याच जागी उभे राहा. हात ताठ धरला की मूठ सुमारे १० अंश, करंगळी १ अंश. आपल्याकडे गोव्यात ध्रुवतारा साडेपंधरा अंशांवर असतो, म्हणजे दीड मूठ. त्यावरून आधी आपली मूठ तपासा. मग गोळा विझला ती जागा मोजा: उंची आणि दिशा. सुरुवातीची जागाही मोजा, पण तिच्यावर भिस्त नको, कारण मान वळेपर्यंत निम्मा मार्ग झालेला असतो. फोनचं होकायंत्र स्कूटरपासून चार पावलं लांब धरा, लोखंडाने सुई भरकटते. नंतर गडगडाट ऐकू आला असेल तर किती मिनिटांनी, तेही लिहा. आवाजाला किलोमीटरमागे ३ सेकंद लागतात. हे सगळं इंटरनॅशनल मेटिअर ऑर्गनायझेशनच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरता येतं. पणजीच्या असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीलाही कळवा.

जवळच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत दिसलं असेल तर आजच मागून घ्या, जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. शिवाय डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बऱ्याचदा मिनिटा-दोन मिनिटांनी चुकलेलं असतं, म्हणून त्याच्या पडद्याशेजारी फोनचं घड्याळ धरून फोटो काढा. ही चूक कळली नाही तर दोन ठिकाणची चित्रणं जुळत नाहीत.

आणि कोणी 'उल्का मिळाली' म्हणून काळा दगड आणलाच, तर आपल्याकडे तो बहुधा जांभा चिरा नाहीतर डिचोली-सांग्याकडचं लोहखनिज निघतं. लोहचुंबक चिकटवू नका. खनिजालाही चिकटतं, आणि खरी उल्का असेल तर तिच्यातली चुंबकीय नोंद पुसते. फरशीच्या पाठीमागच्या खरखरीत बाजूवर घासून बघा. लालसर रेघ उमटली तर ते हेमेटाइट, म्हणजे लोहखनिजच.