१/३५ च्या सैनिकाचे डोळे वटारलेले का दिसतात

तुमचे फोटो झूम करून बघितले. १/३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, सोव्हिएत पायदळाच्या सैनिकांच्या प्लास्टिक मॉडेलचा सेट, सगळा ब्रशने रंगवलेला, आणि तुम्ही विचारताय की चेहरे बाहुलीसारखे का दिसतात, डोळे वटारल्यासारखे का वाटतात, आणि यावर उपाय म्हणून एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) घ्यावा की सरळ ७५ मिमीच्या मोठ्या फिगरवर, म्हणजे मोठ्या सैनिकाच्या मॉडेलवर जावं. माझं ऐकाल तर आत्ता दोन्ही नको. हात चांगला आहे तुमचा, बेल्टच्या कडा किती सरळ आल्यात बघा. गडबड वेगळीच आहे.

हिशोब करून बघा. फिगर आपण साधारण ३० सेंटीमीटरवरून बघतो, गुणिले ३५, म्हणजे खरा माणूस साडेदहा मीटरवर उभा असल्यासारखं झालं. आता साडेदहा मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यातलं पांढरं कधी नजरेत भरतं का हो? भुवईखाली काळपट सावली दिसते, फार तर त्यात एखादा उजळ ठिपका, बस. खऱ्या डोळ्याची रुंदी ३ सेंटीमीटर धरली तरी या स्केलला ती मिलिमीटरभर सुद्धा भरत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही शुद्ध पांढरा, निळा आणि काळा असे तीन रंग कोंबलेत, मग तो डोळे वटारणारच.

मी असं करतो. चेहऱ्याला बेस (त्वचेच्या रंगाचा पहिला हात) द्यायच्या आधी डोळ्यांच्या खाचेत गडद चॉकलेटी सोडायचा. तो सुकला की मधोमध एक बारीक आडवी रेघ, पांढऱ्याची नाही, स्किन टोनमध्ये हलका करडा मिसळून केलेली. बुबुळ म्हणजे पुन्हा गडद चॉकलेटी ठिपका, आणि तो वरच्या पापणीला टेकलेला हवा. बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरं दिसलं की माणूस दचकलेला वाटतो, तुमच्या पीपीएसएच (सोव्हिएत सबमशीन गन) धरलेल्या सैनिकाचं नेमकं तेच झालंय. मग बेस स्किनने वरून खालून कापत कापत डोळा हवा तेवढा बारीक करून घ्यायचा, म्हणजे रेघ जाड आली तरी बिघडत नाही. दोन्ही डोळे सरळ समोर बघणारे जुळवणं महाकठीण, त्यापेक्षा दोघांना एकाच बाजूला बघायला लावा. आणि हेल्मेट खाली ओढलेलं असेल तर मी डोळ्यात उजळ रंग घालतच नाही, नुसती गडद खाच ठेवतो, कोणाला काही कळत नाही.

आता उजेड. सैनिक छोटा करता येतो, उजेड नाही करता येत. साडेसहा मिमीच्या डोक्यावर नाकाची सावली पडते पण इतकी बारीक की आपल्याला जाणवतच नाही, म्हणून ती रंगवूनच दाखवावी लागते. तुमचे युनिफॉर्म सपाट दिसतायत त्याचं कारण पण हेच. एक सोपी युक्ती, फिगरला सगळीकडून काळा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारा आणि तो सुकल्यावर वरच्या बाजूने तिरका पांढरा प्रायमर हलकासा मारा, स्प्रे कॅननेही होतं. मग मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. पुढे रंगवताना कुठे उजळ आणि कुठे गडद हे फोटो बघून ठरवायचं, डोकं चालवायला नको.

चेहऱ्यात गडद कुठे, तर भुवईखाली, नाकाच्या दोन्ही कडांना, गालाच्या हाडाखाली, खालच्या ओठाच्या खाली आणि जबड्याखाली. बेसमध्ये लालसर चॉकलेटी मिसळून करा, काळा मिसळला की चेहरा आजारी दिसतो. उजळ कुठे, तर नाकाचा दांडा, गालाचा वरचा भाग, हनुवटी. वरचा ओठ गडद आणि खालचा लालसर, कारण वरच्या ओठाचा उतार आत वळलेला असतो, त्यावर उजेड कमी येतो. शेवटी करड्याचा अगदी पाणीदार हात जबड्यावरून फिरवला की दाढीची खुंटं आल्यासारखी वाटतात, आणि फ्रंटवरच्या माणसाला ती हवीतच.

रंगाबद्दल. फोटोवरून तुम्ही तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक वापरलेत असं वाटतंय. उत्तम रंग, पण त्यांचा थिनर अल्कोहोलवर आधारलेला, त्यामुळे ब्रशने दुसरा हात दिला की खालचा उखडतो आणि असे पट्टे उमटतात. चेहऱ्याला व्हॅलेहो कंपनीचे मॉडेल कलर घ्या, पाण्याने पातळ होतात. पातळ म्हणजे ताकाइतके, आणि ब्रश बुडवल्यावर टिश्यूला टेकवून जादाचं पाणी काढायचं, नाहीतर खाचेत डबकं होतं. वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारी पाटी) घरीच होतं, झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर. ब्रश कोलिन्स्की सेबलचा (नैसर्गिक केसांचा), ० किंवा १ नंबर. लोक ५/० (त्याहून खूप बारीक) घेतात आणि तिथेच फसतात, त्यात रंगच धरत नाही, टोकापर्यंत येईस्तोवर सुकून जातो. टोक अणकुचीदार असलं म्हणजे झालं.

ऑइलनेही चेहरे सुंदर होतात, अ‍ॅक्रिलिकच्या बेसवर बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि टायटॅनियम व्हाइटचे ठिपके ठेवून कोरड्या ब्रशने मिसळत जायचं. पण सुकायला कित्येक दिवस लागतात. आणि रंग आधी पुठ्ठ्यावर काढून जादाचं तेल शोषू द्यायचं, नाहीतर चेहरा चकाकतो.

कापडाचा खाकी उजळ करायला पांढरा घालू नका, खडूसारखा दिसतो. बफ (फिकट पिवळसर) किंवा वाळूचा रंग घाला. तसेही सोव्हिएत गिम्नास्त्योरका (सैनिकांचे सदऱ्यासारखे अंगरखे) धुऊन धुऊन पिवळट फिक्या झालेल्या असायच्या, त्यामुळे दोन सैनिकांची छटा जरा वेगळी ठेवलीत तर उलट बरंच दिसेल. बूट पण निव्वळ काळे नकोत, गडद चॉकलेटी मिसळा.

जाता जाता एक गोष्ट, कोणीतरी बोट दाखवणारच म्हणून आधीच सांगतो. तुम्ही सैनिकांखालच्या बैठकीवर स्टालिनग्राड १९४२ लिहिलंय आणि सैनिकांच्या खांद्यावर शोल्डर बोर्ड (हुद्दा दाखवणाऱ्या पट्ट्या) आहेत. रेड आर्मीत ते जानेवारी १९४३ मध्ये परत आले. त्याआधी हुद्द्याच्या खुणा कॉलरवर असायच्या. नुसते बोर्ड खरवडून भागणार नाही, कारण नव्या गिम्नास्त्योरकाला उभी कॉलर आणि जुनीला पडलेली कॉलर, म्हणजे एपॉक्सी पुटीने (मळून आकार देता येणाऱ्या, मग कडक होणाऱ्या लांबीने) कॉलर पण बनवावी लागेल. त्यापेक्षा बैठकीवर कुर्स्क १९४३ लिहा आणि मोकळे व्हा.

शेवटचा हात मॅट वार्निशचा, पण दमट हवेत स्प्रे करू नका, पांढरट बुरशीसारखा थर धरतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

७५ मिमीचं म्हणाल तर तिथे डोळे सोपे होतील पण बाकी सगळं अवघड होईल, तेवढ्या मोठ्या कोटावर सपाट रंग लपत नाही. आणि एअरब्रश प्रायमर नि बेसला मस्त, पण चेहऱ्याचं काम शेवटी ब्रशनेच करायचं आहे. सध्या त्याच सेटमधला एक पडीक सैनिक घ्या, हातपाय न जोडता नुसतं डोकं टूथपिकवर लावा आणि तेच रंगवा. बिघडलं तर रंग काढून परत. झालं की एका बाजूने उजेड ठेवून फोटो टाका, समोरून फ्लॅश मारू नका, त्यात काहीच कळत नाही.