मंगळावरच्या दऱ्या पाण्यानेच कोरल्या हे कसे ठरवतात?
हे कसे कळते आणि पुण्यात राहून मंगळाच्या भूरूपांचा अभ्यास करता येईल का, असे आपण विचारले आहे. नुसता आकार पुरावा ठरत नाही, कारण लाव्हाही लांबच लांब वळणदार पात्रे कोरू शकतो. म्हणून उपनद्यांची जुळणी, पात्राचा उतार आणि मुखाशी साचलेला गाळ हे सारे एकत्र पाहावे लागते. सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या जेझेरो विवरातील त्रिभुज प्रदेश कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत आधीच ओळखला गेला होता, आणि २०२१ मध्ये तिथे उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या फिरत्या यानाने त्यातील तिरके थर जवळून टिपल्यावर तिथे एकेकाळी सरोवर होते या अनुमानाला बळकटी मिळाली. पृष्ठभागाचे वय मात्र मुख्यतः आघातविवरे, म्हणजे उल्का आदळून झालेले खड्डे, मोजून ठरवतात. जितकी दाटी, तितका पृष्ठभाग जुना. वारा आणि धूळ लहान विवरे बुजवत असल्याने हे आकडे सावधपणेच घ्यावेत.

पुणेकरांची एक सोय आहे. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे, सिंहगडाचा कातळही बेसाल्टच, आणि त्याच खडकात उल्काघाताने झालेले लोणारचे विवर आपल्याच राज्यात आहे. नासाची छायाचित्रे विनामूल्य मिळतात. सुरुवात मात्र खगोलशास्त्रापेक्षा भूशास्त्रापासून करावी, असे माझे मत आहे.