ट्रकचालकांना न दिसणाऱ्या जागा आणि धोके ओळखायला कसं शिकवावं? व्हिडिओ दाखवून भागतं का?

भागत नाही. तासभर व्हिडिओ दाखवाल, हजेरीच्या कागदावर सह्या घ्याल आणि पुढे काही झालं की तोच कागद चालकापुढे धराल. तुम्ही तसे नसालही, पण मी हे भोगलंय, म्हणून जरा चिडूनच लिहितोय.

एकोणीस वर्षं गाडी चालवली, आता नव्या पोरांना शिकवतो. तेव्हा माझ्याकडे सपाट तोंडाची गाडी होती. पहाटे माल भरून झाला, कागद हातात आले, दोन्हीकडचे आरसे बघितले, गिअर टाकला. गाडी हातभर सरकली असेल नसेल, तोच समोरच्या पत्र्यावर धाडधाड बुक्के. ब्रेकवर पाय कधी गेला कळलंच नाही. उतरून बघतो तर हमाल! बंपरसमोर वाकून दोरी गुंडाळत होता. त्याला खरचटलंही नाही, पण मला त्या दिवशी स्टिअरिंग धरवेना.

चौकशीत साहेबांनी लिहिलं, ‘चालकाचे दुर्लक्ष’. मी म्हटलं, साहेब, लक्ष होतं, माणूस दिसत नव्हता. ते म्हणाले, एवढी मोठी काच पुढे असताना दिसत नव्हता म्हणजे काय? मग त्यांनाच माझ्या सीटवर बसवलं आणि त्याच हमालाला परत तिथे वाकायला सांगितलं. (इंजिन बंद, चावी माझ्या खिशात.) साहेब वरून विचारतात, “कुठंय तो?” अहवाल काही बदलला नाही.

पण माझी शिकवायची पद्धत तिथून सुरू झाली. चालकाला सीटवर बसवायचं, दुसऱ्याने गाडीभोवती सावकाश फिरायचं. चालक ‘गेला’ म्हणाला की जमिनीवर चुन्याची खूण, ‘आला’ म्हणाला की दुसरी. मग चालकाला खाली उतरवून तो पांढरा नकाशा दाखवायचा. क्लीनरच्या बाजूला दाराला चिकटून अख्खी मोटरसायकल लपते, हे ऐकून कुणाला पटत नाही. स्वतःच आखलेलं बघितलं की पोरं गप्प होतात. हे ज्याच्या त्याच्या गाडीवरच करा. सीट चार बोटं खाली गेली तरी खुणा सरकतात. आणि एकदा अंधारात करा.

काचेच्या कडेचा खांब आणि त्याला लागून आरसा, ही जोडी फार वाईट. वळताना रस्ता ओलांडणारा माणूस कधी कधी त्या आडोशातच सरकत राहतो आणि शेवटपर्यंत दिसत नाही. तिथे मान वळवून उपयोग नाही, कमरेतून पुढेमागे झुकायला लावा. ट्रेलर असेल तर वळताना आतल्या बाजूच्या आरशात पत्र्याशिवाय फारसं काही उरत नाही, आणि मागची चाकं नेमकी त्याच बाजूने कोपरा कापत येतात. बाहेरगोल आरशात मागची गाडी असते त्याहून लांब वाटते, हेही खुणेच्या खांबावर दाखवा, तोंडी नको.

चालू रस्त्यावर मी चालकाला बोलत चालवायला लावतो: ‘उभी बस, पुढून कुणी येईल’, ‘रिक्षाचं चाक वळलंय’. ताशी ६० च्या वेगात सेकंदाला सोळा-सतरा मीटर जातात. जो बोलायचा थांबला त्याची नजर कुठेतरी अडकलेली असते. व्हिडिओत धोका येणार हे आधीच ठाऊक असतं, तिथे सगळेच हुशार.

तरी व्हिडिओ अगदीच टाकाऊ म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत चित्रफितीवर धोका ओळखायची चाचणी आहे. नवख्यांना सुरुवातीला चालेल. कॅमेरेही लावा, फक्त चिखलाने माखलेला कॅमेरा काही दाखवत नाही.

आणि एक गोष्ट, जी साहेबांना कधी सांगितली नाही. त्या गाडीला समोरचं खालचं दाखवणारा आरसा होता. फांदी लागून तो वर फिरला होता आणि मी तीन दिवस तसाच ठेवला होता. तो नीट असता तर साहेबांनाही हमाल दिसला असता. म्हणजे चूक माझीच, पण ‘दुर्लक्ष’ लिहून पुढच्या माणसाला काय कळणार? ‘समोरचा आरसा फिरलेला’ लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांचे आरसे तपासले गेले असते. तुमच्या अहवालात ‘दुर्लक्ष’ असा रकाना असेल तर प्रशिक्षणाच्या आधी तो काढा.