इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्यांची मराठी जोडाक्षरं तुटतात, अक्षरमांडणी कुठून शिकवावी?

फॉन्ट युनिकोड असेल, तर दोष बहुधा कंपोझरचा, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणाऱ्या सेटिंगचा. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायला लावा. जोडाक्षरं जुळतात, पहिली वेलांटी जागेवर येते. सरावाला ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट उत्तम आणि मोफत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मग ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य, हे पहिल्याच तासाला सांगा! रोमन शीर्षकांच्या सवयीनं मुलं ते वाढवतात आणि शिरोरेषेत फटी पडतात. मोठ्या पोस्टरवर त्या लांबूनही खुपतात.

ओळींतलं अंतर १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटपासून सुरू करा. ‘ऑटो’ १४.४ देतं, तेवढ्यात वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडू शकतो. वरच्या ओळीत ‘शत्रू’ आणि बरोबर त्याखाली ‘कीर्ती’ टाइप करून तपासा.