कुत्रा मोजे, टिशू, दगड असं काहीही का गिळतो आणि ते थांबवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की लॅब म्हणजे लॅब्राडोर कुत्रा आहे, दीड वर्षाचा, मोजे टिशू खडे जे दिसेल ते उचलतो, ओरडलं की पळतो आणि धरायला गेलं की गिळूनच टाकतो, आणि घरचे म्हणतात कॅल्शियम कमी असणार. आधी ते कॅल्शियमचं मिटवून टाकू. जो कुत्रा नीट पूर्ण आहार खातोय त्याला कॅल्शियम कमी पडून तो मोजे खायला लागला असं सहसा नसतं, आणि मनानेच पावडर चालू करू नका, मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना तर जास्तीच्या कॅल्शियमने हाडांचा त्रास होतो.

माझ्याकडे कायम कुत्रे असतात, त्यातली आत्ताची जी आहे ती दगड खाणारी, म्हणून हे सगळं जरा जवळून बघितलंय. माझं म्हणणं एवढंच की चावणं आणि गिळणं हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक दोन्हीला एकच समजून ओरडत बसतात. पिल्लं चावतात कारण दात येत असतात, दुधाचे २८ पडून पक्के ४२ येतात, साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं, आणि त्यांना हात नसल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू तोंडानेच तपासायची असते. चप्पल कुरतडून तुकडे तिथेच टाकले तर चिडचिड होते पण काळजीचं फारसं काही नाही. तुमचा मात्र गिळतोय आणि दीड वर्षाचा आहे, म्हणजे दात येण्याचं वय कधीच गेलं. या गिळण्यालाच व्हेट लोक पायका म्हणतात.

त्यामुळे ट्रेनरच्या आधी डॉक्टर. शी तपासून घ्या, रक्त तपासून घ्या. हुकवर्मसारखे जंत रक्त पितात, त्याने ॲनिमिया होतो, आणि ॲनिमिया झालेले कुत्रे माती दगड भिंत काहीही चाटायला-खायला लागतात. पिसवा खूप झाल्या तरी लहान पिल्लांना ॲनिमिया होऊ शकतो. शिवाय पोटाची जुनी सूज, स्वादुपिंडाचे एन्झाइम कमी पडणं (यात कुत्रा भरपूर खातो तरी वाळत जातो आणि शी पातळ, तेलकट होते), डायबेटीस, लिव्हरचं काही असणं, यातलं काहीही कारण असू शकतं. आणि एखाद्या खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल किंवा फिट्ससाठी फेनोबार्बिटोन, तर त्या गोळ्यांनीच भूक भयंकर वाढते, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या कुत्र्याला हे अचानक सुरू झालं असेल तर तपासणी अजिबात टाळू नका. गवत खाण्याचं मात्र टेन्शन घेऊ नका, ते जवळजवळ सगळेच खातात, फक्त औषध फवारलेलं नको.

लॅबचं अजून एक आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅबमध्ये, म्हणजे साधारण चारातल्या एकात, पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची हाव जास्त असते. याचा अर्थ तो मोजे जीनमुळे खातो असा होत नाही, पण तो हावरट आहे म्हणून त्याला दोष देऊ नका एवढं तरी नक्की.

आता सगळे रिपोर्ट नॉर्मल आले असं धरू. मग कारण बहुतेक वेळा कंटाळा, एकटं राहण्याची भीती, किंवा तुम्ही स्वतः. रागावू नका, पण तुम्ही जे वर्णन केलंय ना, ओरडलं की पळतो, धरलं की गिळतो, ते कुत्र्याच्या बाजूने बघा. एरवी सगळे मोबाईलमध्ये, आणि याने मोजा उचलला की अख्खं घर मागे धावतं, यापेक्षा भारी खेळ कुठला? आणि दोन-चारदा जबडा उघडून बोटं घालून काढून घेतलंत की तो शिकतो की माणूस जवळ आला म्हणजे वस्तू जाणार, वाचवायची असेल तर पोटात टाका. म्हणजे आधी नुसता चघळत असलेला कुत्रा आपण गिळणारा करून ठेवतो. मारण्याने तर हे हमखास वाढतं, तो मग तुमच्यासमोर न खाता पलंगाखाली जाऊन खातो आणि तुम्हाला कळतही नाही.

म्हणून सौदा करायला शिकवा. सुरुवात त्याच्या स्वतःच्या खेळण्याने, मोजाने नाही. खेळणं तोंडात असताना नाकापाशी खूप आवडती ट्रीट धरायची, तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं, ट्रीट द्यायची, आणि हे महत्त्वाचं, बहुतेक वेळा खेळणं परत द्यायचं. त्याला पटलं पाहिजे की सोडल्याने तोटा होत नाही. हे रोज थोडं थोडं, मग हळूहळू जरा जास्त मोलाच्या वस्तू. खरोखर मोजा उचलला असेल तेव्हा धावायचं नाही, शांतपणे फ्रिज उघडायचा किंवा ट्रीटचा डबा वाजवायचा आणि उलट्या दिशेला चालायला लागायचं, बहुतेक येतात मागे. लीशवर असताना "नको" वेगळं शिकवायचं, म्हणजे जमिनीवरची वस्तू सोडून तुमच्याकडे बघितलं की बक्षीस.

पण ट्रेनिंग मुरेपर्यंत घर आवरणं हेच खरं औषध. झाकणाचा डस्टबिन, मोजे-चड्ड्या बंद टोपलीत, बाथरूमचं दार बंद, एकटा ठेवताना मोकळी खोली किंवा प्लेपेन, म्हणजे छोटं कुंपण. वाटीत जेवण देण्याऐवजी थोडं पझल टॉयमध्ये (ज्यातून खाणं खटपट करून काढावं लागतं), थोडं टॉवेलात गुंडाळून शोधायला द्या, फिरायला नेल्यावर भराभर न ओढता वास घेऊ द्या, नाकाचं काम झालं की कुत्रा खरंच दमतो. चावायला द्याल ते नखाने दाबलं तर थोडं दबेल असं असावं, फार कडक वस्तूंनी दाढ तुटते. कडू स्प्रे काहींवर चालतो, आमची तो चाटून घेते.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. गिळलेलं लक्षात आलं की लगेच डॉक्टरांना फोन, पहिल्या एक-दोन तासात वस्तू पोटात असते तेव्हा ते उलटी करवून किंवा एंडोस्कोपीने काढू शकतात, आतड्यात गेली की ऑपरेशनची वेळ येऊ शकते. घरी मीठ पाजून उलटी करवू नका, मिठानेच विषबाधा होते. बटन बॅटरी, लोहचुंबक, सुई, दोरा यात तर वाट बघायचीच नाही. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं. परत परत उलट्या, जेवण बंद, पोट धरून वाकून उभं राहणं, शी न होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जा. कापड एक्स-रेत नीट दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे क्लिअर आला तरी उलट्या थांबत नसतील तर सोनोग्राफीचं विचारा.

बाहेरच्या खड्यांसाठी बास्केट मझल, म्हणजे तोंडावर बांधायचा मुसका घ्या, जाळीचा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी घट्ट मझल फिरायला वापरू नका. आधी काही दिवस मझलच्या आतच ट्रीट ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, मग क्षणभर पट्टा, मग वेळ वाढवत न्यायची. घरी एकटा सोडताना मात्र काढून ठेवायचा. लोक बघतात, कुत्रा चावरा आहे का विचारतात, मी सरळ सांगते दगड खाते म्हणून.